चौदा नंबरवर कोणीच नाही

(आईची खोली, भर दुपार. आई पलंगावर, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. भिंतीवरून काढलेली हाकेची पेटी टेबलावर उघडी पडली आहे, शेजारी लॅपटॉप. दाराशी अर्धवट भरलेली बॅग.)

दादा: ...आणि चष्मा कुठला घेऊ, वाचायचा की लांबचा? जाऊ दे, दोन्ही टाकतो. गाडी खाली उभी आहे आई, उगीच वेळ काढू नकोस.

ठिणगी: बॅगेला हात लावू नकोस दादा. माझं बघून झालेलं नाही अजून.

दादा: काय बघायचं राहिलंय? काल आई बाथरूममध्ये पडली. आपण दोघांनी बनवलेली पेटी समोर भिंतीवर होती. गळ्यातलं बटण दाबलं की माझा, तुझा आणि समोरच्या काकूंचा, असे तीन फोन वाजायला हवेत. एकसुद्धा वाजला नाही. आता त्या पेटीला चिरून काय मिळणार तुला?

ठिणगी: का नाही वाजला ते मिळणार.

दादा: मिळेपर्यंत आई माझ्याकडे राहील. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो.

ठिणगी: हो, काय सांगत होतास ते पाठ आहे मला! "पेटी काय, आईला भिंतीवर टांगून लेक मोकळी." सगळ्यांसमोर म्हणालास. दोन महिने कानात वाजतंय ते.

दादा: वाजू दे. पेटी तर वाजली नाही, काहीतरी वाजू दे.

आई: भांडा रे, भांडा. दोन महिन्यांनी समोरासमोर आलात, मला वाटलं माझी पोरं मुकी झाली. पण भांडताय ते कशावरून? मी पडलेच नाही मुळी.

दादा: आई, मनगट दोन ठिकाणी मोडलंय.

आई: बसता बसता मोडलं. बारा वाजता आंघोळीला गेले. दिव्यावरून पाल पडली. दीड हात लांब पाल, तिच्या डोक्यावर तुरा. तिला जागा द्यायला म्हणून मी बाजूला बसले. जरा जोरात बसले, इतकंच.

दादा: डॉक्टरांना सांगितलंस एक हात होती.

आई: ती सकाळची. पाल वाढत नाही का?

ठिणगी: आई, थापा पुरे. बटण किती वेळा दाबलंस?

आई: एकदा. नाही वाजलं, म्हटलं राहू दे. काही नड नव्हती. निवांत बसले होते. मग मनात आलं, नेम धरून बघू. बाथरूमच्या दारातून पेटी समोर दिसते. पहिला साबण मारला तो खिडकीतून खाली गेला, एका टकल्याच्या डोक्यावर. तो माणूस अजून फेस करत हिंडतोय गल्लीत. दुसरा घड्याळाला लागला, घड्याळ दहा मिनिटं मागं गेलं. तिसरा...

दादा: घरात एवढे साबण?

आई: चौथा मात्र बसला पेटीच्या थोबाडावर! आणि लगेच काकू धावत आल्या. झालं. यात बॅग भरण्यासारखं काय आहे?

दादा: ऐकलंस, ठिणगे? बारा वाजता आंघोळ, बारा पंचवीसला काकू. तिचं म्हणणं खरं धरलं तरी पंचवीस मिनिटं ती तिथे होती आणि तुझं ते कर्नल, पेटी चालवणारं सॉफ्टवेअर, गप्प होतं.

ठिणगी: माझं कर्नल? पेटीतला बोर्ड कुणी आखला? अँटेना कुणी बसवली? चीप कुणी निवडली?

दादा: चीप उत्तम आहे. तिला हाक ऐकू येते, मी शंभरदा बघितलंय. ऐकू आल्यावर पुढे काय करायचं ते तू लिहितेस.

ठिणगी: मी अक्षर न अक्षर बरोबर लिहिलंय!

दादा: मग काय आईनं दाबलं नाही?

आई: एकदा दाबलं म्हटलं ना. बोट ओलं होतं. सोडून द्या.

ठिणगी: बटण दे बघू इकडे.

आई: हरवलं.

ठिणगी: गळ्यात होतं ना?

आई: साबणाच्या पाण्याबरोबर वाहून गेलं. आता समुद्रात एखाद्या माशाच्या गळ्यात असेल. दाबत असेल बिचारा.

दादा: हे बघ, हिच्याकडून खरं काढायचं म्हणजे वाळूतून तेल काढायचं. मी बॅग घेऊन खाली...

ठिणगी: थांब. दादा, थांब एक मिनिट. पेटीच्या पुढच्या बटणावर हे पांढरं काय आहे?

दादा: काय?

ठिणगी: साबण आहे हा. वास घे.

आई: मग? मी काय खोटं बोलते?

ठिणगी: आई, नीट आठव. साबण लागायच्या आधी पेटीचा हिरवा दिवा चालू होता की बंद?

आई: पेटी ढाराढूर घोरत होती. तोंडातून लाळ...

ठिणगी: आई! चालू की बंद?

आई: बंद.

ठिणगी: नक्की?

आई: दिव्याबद्दल थाप कशाला मारू? त्यात काय मजा आहे?

ठिणगी: झोपली होती! दादा, पेटी झोपली होती. अर्धा तास तिला काही काम नसलं की ती झोपते. चीप तेवढी एक कान उघडा ठेवते. बटणाची हाक आली की चीपनं एक तार ओढायची आणि पेटीला उठवायचं. इथे ती उठलीच नाही. साबण पुढच्या बटणावर बसला, त्यानं उठली. मग तुंबलेली हाक बाहेर गेली.

दादा: म्हणजे चीपनं तार ओढली आणि तुझं कर्नल उठलं नाही.

ठिणगी: का उठणार नाही? वर्णनात मी स्वच्छ लिहिलंय.

आई: कसलं वर्णन गं?

ठिणगी: नंतर सांगते.

आई: आत्ता सांग. माझ्या भिंतीवरची पेटी आहे.

ठिणगी: अगं, कर्नल म्हणजे पेटीच्या आतला मुकादम. सगळ्यांकडून कामं करून घेतो, पण त्याला डोळे नाहीत. बोर्डावर वायरलेसची चीप कुठली, ती कुठल्या तारांनी जोडलीय, तिला चालू करायला कुठली पिन ओढायची, मग किती वेळ थांबायचं, तिनं उठवलं तर ती हाक कुठल्या पिनवर येईल, हे सगळं एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. त्यालाच वर्णन म्हणते मी. तो ते वाचतो आणि तसंच धरून चालतो. स्वतः चाचपून बघत नाही.

आई: आणि लिहिलेलं खोटं असलं तर?

ठिणगी: तर खोट्यावर चालतो.

आई: अरेरे. माझ्या हाताखाली असता तर वेडा होऊन पळाला असता.

ठिणगी: दादा, मीटर दे. चीप उठवते तेव्हा तारेवर वीज येते की नाही तेवढं बघते. मी इथून हाक सोडते... चीपला पोचली. आणि पिनवर... काहीच नाही. परत सोडते. काही नाही! बघ! तुझी उत्तम चीप तार ओढतच नाही!

दादा: कुठे लावलंयस मीटर?

ठिणगी: चौदा नंबरच्या पिनवर.

दादा: चौदावर कशाला?

ठिणगी: कशाला म्हणजे? उठवायची तार चौदावर येते.

दादा: तार सतरावर आहे.

ठिणगी: काय म्हणालास?

दादा: नव्या बोर्डावर सतरावर आहे. चौदाच्या शेजारी पॉवरची कॉईल होती, तिच्यामुळे पेटी उगीचच दचकून उठायची. म्हणून ती तार उचलली आणि सतरावर नेली. चौदा नंबर आता रिकामा आहे. तिथे कोणीच नाही.

ठिणगी: कधी?

दादा: झाले दोन महिने.

ठिणगी: दोन महिने! आणि मी वर्णनात चौदा लिहून बसलेय! माझा मुकादम चौदा नंबरच्या दाराला कान लावून बसलाय आणि तुझी चीप सतरा नंबरचं दार बडवतेय! दादा, तुला लाज वाटते का रे?

दादा: मला? न बघता लिहिणाऱ्याला वाटायला हवी!

ठिणगी: काय बघू? माझ्याकडे तुझा बोर्डाचा नकाशा आहे, त्यात चौदाच आहे. हा बघ! डोळे उघडून बघ!

दादा: तो जुना. नवा वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलाय, चार फूट लांब. पाय ठेवला असतास तर नाकावर आपटला असता.

ठिणगी: मेलवर टाकायला हात मोडले होते?

दादा: तू फोन उचलत नव्हतीस! सात वेळा केला. आठव्या वेळी म्हटलं, खड्ड्यात जा.

ठिणगी: खड्ड्यात मी नाही गेले, दादा. आई गेली.

दादा: माझ्यावर ढकलू नकोस. मी निरोप ठेवला होता. "तिला सांग, उठवायची तार चौदावरून सतरावर नेलीय." शब्द न शब्द आठवतोय मला.

ठिणगी: कुणाला सांगितलंस? मला नाही मिळाला!

दादा: सांगितला होता ना... आईला.

ठिणगी: आई?

आई: मला जरा पाणी द्या कुणीतरी.

ठिणगी: आई, तू मला सांगितलं नाहीस.

आई: पाणी.

दादा: घे. आणि सांग.

आई: नाही दिला निरोप. मुद्दाम नाही दिला. असे बघू नका माझ्याकडे, दोघंही! दोन महिने मी निरोप वाहतेय तुमचे. "तिला सांग चार्जर विसरलीय." "त्याला सांग, ठेव तुझ्याकडेच, चाट." "तिला सांग, बोर्ड तयार आहेत." "त्याला सांग, परस्पर गिऱ्हाइकांकडे पाठव." म्हातारीचा नुसता टपालपेटारा केलात. मला काय ठाऊक चौदा काय नि सतरा काय? म्हटलं, एक निरोप गिळून बघू. अडेल तेव्हा एकमेकांना फोन करतील. उपाशी राहतील तेव्हा तोंड उघडतील.

दादा: आई, हा चार्जर नव्हता!

आई: माझ्यावर ओरडू नकोस! त्यावर चार्जर नाही असं लिहिलं होतं का? तुम्हा दोघांना एवढं शिकवलं, एवढ्या डिग्र्या घेतल्यात, आणि एक आकडा सांगायला आई लागते?

ठिणगी: तिला कशाला बोलतोस? तपासायचं काम तुझं होतं. बोर्ड तुझा.

दादा: तपासला होता. पेटीचा प्लग लावला, बटण दाबलं, तिन्ही फोन वाजले.

ठिणगी: लगेच दाबलं असशील!

दादा: मग काय सण साजरा करून दाबू?

ठिणगी: अर्धा तास थांबून! ती झोपेपर्यंत! जागी असताना हाक दुसऱ्या वाटेनं पोचतेच. झोपल्यावरच ही तार लागते!

दादा: तू थांबली होतीस का?

ठिणगी: मी थांबले होते. जुन्या बोर्डावर. माझ्याकडे जुनाच होता.

दादा: वा! मी नव्यावर दोन मिनिटं, तू जुन्यावर अर्धा तास. दोघांचं मिळून शहाणपण शून्य. सरक, ती फाइल बघू दे मला. हे खाली काय आहे? हा कोण विचारतोय?

ठिणगी: ते राहू दे.

दादा: कोण आहे हा?

ठिणगी: कीसकाढे काका. कर्नल जगभरचे लोक मिळून लिहितात, त्यात कुणाचंही वर्णन घ्यायचं तर आधी त्यांच्या हाताखालून जावं लागतं. मी कधी भेटले नाही, नाव मीच ठेवलंय. लॅपटॉप दे इकडे.

दादा: "जागं करण्याची पिन नव्या बोर्डावर, पेटी झोपलेली असताना तपासलीत का? कुणी तपासली?" अगदी हेच विचारलंय त्यानं! आणि तुझं उत्तर, "हो, तपासली." आणि खाली... खाली तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे.

ठिणगी: त्यांनी चार वेळा परत पाठवलं होतं, दादा. एकदा ओळ रिकामी सोडली म्हणून. एकदा दोन ओळी मागेपुढे झाल्या म्हणून. एकदा म्हणे, ही पिन खाली ओढली की चीप बंद होते की चालू, ते शब्दांत लिहा. माझं नाव पहिल्यांदा कर्नलमध्ये लागणार होतं. पाचव्यांदा हे विचारलं तेव्हा डोकं फिरलं माझं. मला वाटलं, पुन्हा कीस काढतोय. तुझाच बोर्ड, तू तपासला असशीलच.

दादा: मला न विचारता माझी सही ठोकलीस!

ठिणगी: विचारणार कसं? बोलत होतास?

दादा: माझ्याशी बोलायचं नाही आणि माझं नाव मात्र वापरायचं! हे वर्णन जगभर वाचतात ना? तिथे लिहिलंय की मी ही तार झोपेत तपासली. मी! त्या माणसानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं आणि तू माझं नाव पुढे केलंस!

ठिणगी: केलं! चुकले! काय करू, नाक घासू?

आई: हळू. काकू दाराला कान लावून असतील. मला एक सांगा. नव्या बोर्डाच्या पेट्या आणखी कुठे गेल्यात का?

दादा: त्रेसष्ट घरांत.

आई: त्या पण झोपतात?

ठिणगी: सगळ्या. अर्ध्या तासानं.

आई: आणि त्या घरांत कोण असतं?

दादा: तुझ्यासारखीच माणसं. एकटी. म्हणून तर पेटी घेतात.

आई: मग?

ठिणगी: चौदाचं सतरा करायला दोन मिनिटं लागतात. रोज सकाळी सहाला सगळ्या पेट्या आपोआप उठतात, नवीन काही आलंय का बघतात. आत्ता दुरुस्ती तयार ठेवली की उद्या सहाला सगळीकडे गेलेली असेल. कुणाला कळणारसुद्धा नाही.

दादा: हं. ते बरं. उगीच फोन करून म्हाताऱ्या माणसांना घाबरवण्यात अर्थ नाही.

ठिणगी: तेच. प्रश्न एका दिवसाचा आहे.

दादा: आणि आईनंही एकदाच दाबलं होतं. बोट ओलं होतं म्हणतेय. म्हटलं तर तक्रारसुद्धा नाही.

आई: अरे वा. दोन महिन्यांनी तुमचं एकमत झालं, आणि ते हे.

दादा: आई, तुला यातलं कळत नाही.

आई: उद्या सकाळी सहापर्यंत त्रेसष्टातलं एक कुणी पडलं तर?

ठिणगी: एका दिवसात कोण पडतंय, आई.

आई: मी पडले ना. एकाच दिवसात पडले. माझी उशी उचल.

ठिणगी: का?

आई: उचल म्हणते ना. माझा एक हात गळ्यात बांधलाय.

ठिणगी: हे... बटण! हरवलं म्हणालीस ना? माशाच्या गळ्यात?

आई: परत आणून दिलं माशानं. तू मागे सांगितलं होतंस, किती वेळा दाबलं ते बटण मोजून ठेवतं म्हणून. मोज.

दादा: आता हे कशाला?

आई: तू गप्प बस. मोज गं.

ठिणगी: लावते. थांब... तीनशे एक्केचाळीस.

दादा: तीनशे एक्केचाळीस काय?

ठिणगी: वेळा.

दादा: आधीचे धरून असतील. दोन महिन्यांचे.

ठिणगी: कालचे, दादा. पहिलं नऊ वाजून आठ मिनिटांनी. शेवटचं बारा चोवीसला.

दादा: नऊ? आई, तू बारा वाजता आंघोळीला गेलीस म्हणालीस.

आई: घड्याळ मागं गेलं होतं. साबणानं.

दादा: आई.

आई: नऊला गेले. पाल-बिल काही नव्हती. पाय सरकला.

ठिणगी: सुरुवातीला मिनिटाला सात-आठ वेळा आहे. मग कमी होत गेलंय. पावणेअकरा ते सव्वाअकरा एकदाही नाही. दादा, अर्धा तास एकदाही नाही.

आई: डोळा लागला असेल. नाहीतर चारशे झाले असते.

दादा: त्या अर्ध्या तासात काय झालं, आई?

आई: रडले. त्यासाठी काय बटण दाबायचं?

ठिणगी: आणि साबण?

आई: उभं राहवेना, पेटी उंचावर. साबण एकच होता. फेकला की सरपटत जायचं, आणायचा, परत फेकायचा. चौथ्यांदा लागला. ते चार मात्र खरे.

दादा: सव्वातीन तास! आणि कालपासून मला पाली सांगतेस? डॉक्टरांना पाली, काकूंना पाली! एकदा दाबलं म्हणे! जगाला हत्तीएवढ्या थापा मारतेस आणि ही एकच गोष्ट मुंगीएवढी करून सांगितलीस! का?

आई: ओरड. तुझा आवाज काल हवा होता मला, आज ऐकून घेते. का म्हणजे? खरं सांगितलं असतं तर तू बॅग भरली असतीस.

दादा: ती भरलीच आहे!

आई: हो ना. मग थाप फुकट कशाला घालवू? आणि या घरातून मला हलायचं नाही, म्हणून मी गप्प बसले. पण मी एकदा दाबलं म्हटलं तर तुम्ही दोघं उद्या सहापर्यंत स्वस्थ बसणार. आणि तिकडे कुणीतरी बसेल दाबत. त्याच्याजवळ साबण असेलच असं नाही. आण तो फोन. यादी काढ.

ठिणगी: आई, मी करते ना फोन.

आई: तू काय सांगशील? "तांत्रिक अडचण आहे." तो म्हणेल, बरं. आणि आंघोळीला जाईल. पहिला नंबर लाव. आणि आधी मला सांग, काय करायला सांगू त्यांना.

ठिणगी: पेटीचं पुढचं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला की मला खूण कर, मी इथून दुरुस्ती पाठवते. दिवा परत दोनदा लुकलुकला की झालं. हा घे, लागलाय.

आई: हॅलो, नमस्कार. मी पेटीवाल्यांची आई बोलतेय. आजोबा, तुमच्या भिंतीवरच्या पेटीवर आत्ता विसंबू नका. तिच्यात चूक आहे, माझ्या मुलांची आणि माझी. ती झोपली की हाक पोचत नाही. नाही हो, थट्टा नाही. मी काल बाथरूममध्ये पडले, तीनशे वेळा दाबलं, सव्वातीन तास कुणी आलं नाही. हो, बरी आहे. आता उठा, सावकाश उठा, आणि पेटीचं पुढचं बटण दाबा. लागला दिवा? ठिणगे, पाठव.

दादा: एकसुद्धा थाप नाही.

ठिणगी: श्श. गेली दुरुस्ती. लुकलुकला का विचार.

आई: लुकलुकला म्हणतात. आणि जोरजोरात शिव्या देतायत. तुमच्याकडे द्यायचा का फोन?

दादा: दे. माझ्याकडे दे... हो, बोला. हो, बरोबर आहे तुमचं. तो बोर्ड मीच बनवला. हो. ऐकतोय मी. बोला.

ठिणगी: आई, तो शिव्या खाईपर्यंत दुसऱ्या फोनवरून पुढचा लावते. यात एक आजी आहेत, कमी ऐकू येतं त्यांना.

आई: मग ओरडून सांगू. आज आपल्याकडे ओरडायला काही कमी नाही. आणि त्या तुझ्या काकांना काय कळवणार आहेस?

ठिणगी: लिहिलंय, ऐक. "चौदा चूक, सतरा बरोबर. आधीची तपासणी झालीच नव्हती. तपासणाऱ्याचं नाव मी त्याला न विचारता लिहिलं. तुमचा प्रश्न योग्य होता."

दादा: झाले यांचे बोलून. त्यात लिही, नवा नकाशा मी दिला नव्हता.

आई: आणि निरोप म्हातारीनं गिळला, तेही लिही.

ठिणगी: ते नाही लिहिणार.

आई: का? वर्णन खरं असायला हवं ना?

ठिणगी: बोर्डाचं, आई. घराचं नाही.

दादा: तू लाव पुढचा. मी खालून सुरुवात करतो. आणि ठिणगे...

ठिणगी: काय?

दादा: ते भिंतीवर टांगण्याचं मी बोललो. बोलायला नको होतं.

ठिणगी: बोलायला नकोच होतं. अजून राग गेलेला नाही माझा. एकोणिसावा नंबर दोनदा आलाय यादीत म्हणून ओळी चौसष्ट दिसतात, दुसरी सोड.

आई: संध्याकाळ झाली. त्रेसष्ट झाले?

दादा: एकसष्ट. दोघं उचलत नाहीत. एकांच्या शेजाऱ्यांना पाठवलंय, दुसऱ्यांच्या मुलीला. ती गाडीत बसून निघालीय.

ठिणगी: आता आपली. दुरुस्ती घातली, झाकण लावलं, टांगली. कुणी हात लावू नका. झोपू दे तिला.

आई: अर्धा तास?

ठिणगी: पूर्ण अर्धा तास. या वेळी घाई नाही.

दादा: आई, त्या बॅगेचं...

आई: येते. प्लास्टर निघेपर्यंत येते. एका हातानं वेणी कशी घालू? पुढचं पुढे. पण पेटी इथेच राहील, चालू.

दादा: रिकाम्या घरात?

आई: घर रिकामं नाही. मी बाहेर गेलेय.

ठिणगी: गप्प. अर्धा तास झाला, दिवा गेला.

आई: दाबू?

ठिणगी: दाब.

दादा: माझा वाजला.

ठिणगी: माझाही. आणि हा समोरून, काकूंचा. ऐकू येतोय. काकू, काही नाही हो! तपासतोय! तुम्ही बसा!

दादा: सतरा. चल, लिही आता.

ठिणगी: लिहितेय. तपासणारी, आई. इथे किती वेळा दाबलं ते लिहायचंय.

आई: एकदा.